कायदेकौन्सिलातील तरुण बाबासाहेब : लोकप्रतिनिधित्वाचा एक पाठ

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर तीन चित्रे उभी राहतात. चवदार तळ्याच्या काठावर ओंजळीत पाणी घेणारे बाबासाहेब, भारतीय राज्यघटनेचा मसुदा सिद्ध करणारे बाबासाहेब आणि नागपूरच्या भूमीवर लाखो बांधवांना धम्मदीक्षा देणारे बाबासाहेब. ही तिन्ही चित्रे खरीच आहेत. परंतु त्यांच्या आड एक चौथे चित्र झाकले गेले आहे. ते म्हणजे मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात उभे राहून अंदाजपत्रकातील आकडे तपासणारे, विधेयके मांडणारे आणि बहुमत नसतानाही न डगमगणारे तरुण लोकप्रतिनिधी बाबासाहेब. आजच्या भाषेत सांगायचे तर 'आमदार' बाबासाहेब.

आपल्या सोसायटीच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांना हा कालखंड फारसा परिचित नाही. दरवर्षी जयंतीला आपण लोकप्रतिनिधींना व्यासपीठावर बोलावतो, शाल व पुष्पगुच्छ देतो. परंतु लोकप्रतिनिधीचे काम नेमके कोणते व ते कोणत्या मापाने मोजावे, हे माप आपल्याजवळ नसते. ते माप बाबासाहेबांनीच घालून दिलेले आहे. ते समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

सभागृह कसे होते?

प्रथम त्या काळच्या कायदेकौन्सिलाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये प्रांतांत द्विदल राज्यपद्धती सुरू झाली होती. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी काही खाती मंत्र्यांकडे होती. त्यांना 'सोपीव खाती' म्हणत. पोलीस, जमीन महसूल, अर्थ यांसारखी महत्त्वाची खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाच्या हाती होती. ती 'राखीव खाती'. मताचा अधिकार मालमत्ता व कर यांच्यावर अवलंबून असल्यामुळे अस्पृश्य समाजातील फारच थोड्यांना मत होते. आपल्या मतांवर कोणी निवडून येण्याची शक्यताच नव्हती. म्हणून सरकार या वर्गाचे प्रतिनिधी स्वतः नेमत असे.

अशा नेमणुकीने बाबासाहेब व डॉ. पुरुषोत्तम सोळंकी कौन्सिलात आले. फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सभासदत्वाची शपथ घेतली तेव्हा त्यांचे वय अवघे पस्तीस वर्षांचे होते. कोलंबिया व लंडन विद्यापीठांच्या उच्च पदव्या आणि बॅरिस्टरी त्यांच्यापाशी होती. तरीही ते परळच्या चाळीत राहत होते, आणि वकिलीच्या तुटपुंज्या प्राप्तीला जोड म्हणून एका खाजगी संस्थेत व्यापारविषयक कायदा शिकवीत होते.

सरकारने नेमलेला सभासद सरकारच्या बाजूने मान डोलावणार, असा त्या वेळचा सर्वसाधारण समज होता. बाबासाहेबांनी तो पहिल्याच भाषणात खोटा ठरविला. खुर्ची सरकारने दिली असली, तरी आपली निष्ठा खुर्ची देणाऱ्याशी नसून ज्यांच्या नावाने ती मिळाली त्यांच्याशी आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले. लोकप्रतिनिधित्वाचा हा पहिला धडा होय.

अंदाजपत्रक वाचणारा सभासद

बाबासाहेबांचे पहिले मोठे भाषण २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर झाले. प्रांतिक अर्थव्यवस्था हा त्यांच्या संशोधनाचाच विषय होता. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे सरकारी आकड्यांपुढे ते दबून गेले नाहीत. त्यांनी साधा प्रश्न विचारला. ज्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे त्या नोकरदाराला वा व्यापाऱ्याला प्राप्तिकर माफ असतो. मग एक एकराचा धनी असलेल्या शेतकऱ्याला सारा का माफ नाही? शंभर एकरांचा मालक आणि एक एकराचा मालक यांना एकाच पद्धतीने सारा आकारणे हा न्याय कोणता?

हा प्रश्न केवळ अस्पृश्यांचा नव्हता. तो गरीब कुणब्याचा होता, आगऱ्याचा होता, प्रत्येक लहान शेतकऱ्याचा होता. आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून गेलेला माणूस सर्व गरिबांचा प्रतिनिधी कसा होतो, ते येथे दिसते.

त्यानंतर १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणावरील अनुदानाच्या मागणीच्या वेळी त्यांनी केलेले भाषण प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. शिक्षणाचा प्रसार याच गतीने होत राहिला, तर शाळेत जाण्याच्या वयाची सर्व मुले शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि सर्व मुली यायला तीनशे वर्षे लागतील, असा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते, पण दारूवरील कराच्या रूपाने दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले. निदान जेवढे लोकांकडून दारूच्या रूपाने घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठराच चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात व उरलेली पुन्हा निरक्षरतेत बुडतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. शाळेत नाव घालणे म्हणजे शिक्षण नव्हे. मूल शाळेत टिकले पाहिजे, हा विचार त्यांनी इतक्या लवकर मांडला होता.

माझे आयुष्य बँकेच्या काउंटरवर खातेवह्या व ताळेबंद यांत गेले. त्यामुळे एक गोष्ट मी अनुभवाने सांगू शकतो. आकड्यांना आपण भितो, आणि आपण भितो हे ओळखूनच आपल्याला आकडे दाखविले जातात. एकूण रक्कम मोठी असली की आपण टाळ्या वाजवितो. ती किती माणसांत वाटली जाणार, कोणाच्या खात्यात पडणार, मागील वर्षाची किती शिल्लक न खर्चता पडून राहिली, हे आपण विचारीत नाही. बाबासाहेबांनी एकूण रकमेला दरडोई भाग दिला, आणि त्याबरोबर मोठ्या रकमेचा फुगा फुटला. भागाकार चौथीच्या मुलालाही येतो. तो करण्याचे धैर्य मात्र असावे लागते.

याच भाषणात त्यांनी शिष्यवृत्तीसंबंधी एक सूचना केली. घरी दारिद्र्य असेल तर मुलाला मिळालेली शिष्यवृत्तीची रक्कम घरखर्चात जाते, मुलाला अभ्यासाचे वातावरण मिळत नाही. म्हणून तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करावा, असे त्यांचे मत होते. ही सूचना पुढे प्रत्यक्षात कशी आली, ते आता पाहू.

सभागृह आणि समाजकार्य : एकाच गाडीची दोन चाके

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिची कचेरी होती. १९२५ च्या आरंभी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. म्हणजे सभागृहात वसतिगृहाचा आग्रह धरणारा हा सभासद ऐकीव माहितीवर बोलत नव्हता. भाड्याची खोली, धान्याची पोती, मुलांच्या पुस्तकांचा खर्च हे सारे त्याच्या संस्थेने अनुभवलेले होते. पुढे जून १९२८ मध्ये त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली. सरकारने दुय्यम शाळांतील विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहांना मदत देण्याचे मान्य केले व त्यांचे व्यवस्थापन या संस्थेकडे आले. सभागृहातील मागणी अशा रीतीने चूल पेटलेल्या भटारखान्यापर्यंत व दिवा लागलेल्या अभ्यासिकेपर्यंत पोहोचली.

याच सुमारास सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीने १९३० साली आपला अहवाल दिला. समितीवर नेमणूक म्हणजे मानाची खुर्ची, असे त्यांनी कधी मानले नाही.

ठराव कागदावर, पाणी तळ्यात

आता सर्वात महत्त्वाच्या प्रसंगाकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी, म्हणजे बाबासाहेब कौन्सिलात येण्यापूर्वी, समाजसुधारक सीताराम केशव बोले यांनी कौन्सिलात एक ठराव संमत करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालये ही सार्वजनिक स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. बोले हे स्वतः अस्पृश्य नव्हते, भंडारी समाजाचे होते. आपल्या लढ्यात इतर समाजांतील न्यायी माणसांनी दिलेली साथ आपण कृतज्ञतेने नोंदविली पाहिजे. सरकारने ठरावानुसार आदेश काढले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला.

परंतु तळ्यावर कोण गेले? कोणीही नाही. ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. दोहोंच्या मध्ये शेकडो वर्षांची दहशत उभी होती.

शपथ घेतल्यानंतर महिनाभरात, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परतणाऱ्या निःशस्त्र लोकांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. खटला मात्र बाबासाहेबांनी चिकाटीने लढविला व १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तळ्यावर पाऊल ठेवल्यापासून निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षे!

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. कायदेमंडळाचा ठराव होता, सरकारचा आदेश होता, नगरपालिकेचा ठराव होता. तरीही माणसे चालत गेल्याशिवाय त्याला जीव आला नाही. आणि नुसती माणसे चालत गेली असती, मागे ठराव नसता, तर न्यायालयात उभे राहायला आधार थोडा राहिला असता. कायदा आणि चळवळ यांचा असा संबंध आहे. जो आमदार फक्त सभागृहात बोलतो तो अर्धे काम करतो, आणि जो फक्त रस्त्यावर घोषणा देतो तोही अर्धेच काम करतो.

पराभवाचे मोल : महार वतन विधेयक

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतन म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना सांगावे लागते. वतनाच्या थोड्याशा जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात महार कुटुंबाने रात्रंदिवस सरकारची व गावाची चाकरी करायची. सांगावा न्यायचा, सरकारी अंमलदारांची सरबराई करायची. घरचा कर्ता गावाला गेला असेल तर त्याच्या जागी बापाने किंवा घरातील दुसऱ्या कोणी राबायचे. नोकरी सरकारची, पण पोट मात्र गावाच्या मर्जीवर. गाव रागावले की बलुते बंद. वतन हे मानाचे नाव होते. प्रत्यक्षात ती गुलामगिरीची बेडी होती.

विधेयकाचा गाभा असा होता : ज्याला चाकरी नको असेल त्याने पूर्ण सारा भरून जमीन आपल्याकडे ठेवावी व चाकरीतून मोकळे व्हावे. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करून ती सरकारमार्फत वसूल व्हावी. कामांची निश्चिती व्हावी. मागणी किती माफक होती, पाहा! तरीही विरोध झाला. सरकारला स्वस्तातले मनुष्यबळ सोडायचे नव्हते, गावच्या पुढाऱ्यांना हुकमाचा ताबेदार सोडायचा नव्हता. खुद्द आपल्या समाजातही जमिनीचा तुकडा जाईल या भीतीने अनेकांचा जीव वतनात अडकलेला होता. त्यासाठी बाबासाहेबांना ठिकठिकाणी परिषदा घेऊन लोकांना समजावून सांगावे लागले. अखेर विधेयकाला जे रूप येऊ लागले ते त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. जुलै १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले.

म्हणजे हा पराभव झाला काय? वरवर पाहता होय. परंतु बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. पुढे १९३७ साली नव्या विधानसभेतही तो लावून धरला. शेवटी १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा झाला व १९५९ साली तो अमलात आला. पहिल्या विधेयकापासून तीस वर्षे लोटली होती आणि हा दिवस पाहायला बाबासाहेब हयात नव्हते. बीज लावणाऱ्यालाच फळ मिळते असे नाही. ज्याला पाच वर्षांत फळ हवे असते तो फक्त निवडणुकीचे पीक घेतो.

स्त्रिया, शेतकरी आणि कामगार

२८ जुलै १९२८ रोजी स्त्री-कामगारांना बाळंतपणाच्या काळात विश्रांती व आर्थिक साहाय्य देणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी जोरदार पाठिंबा दिला. विधेयक त्यांचे नव्हते, दुसऱ्या सभासदाने आणलेले होते. पण चांगले काम कोणाच्या नावावर जाते याचा त्यांनी विचार केला नाही. मातेला बाळंतपणाच्या आधी व नंतर विसावा मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, असे त्यांनी सांगितले. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला.

१९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली निवडणुका झाल्या. त्यापूर्वी १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. या वेळी ते नेमणुकीने नव्हे, मुंबईच्या मतदारांच्या मतांनी निवडून आले. पक्षाने लढविलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे धुरंधर दादासाहेब गायकवाड हेही वयाच्या पस्तिशीच्या आतच विधानसभेत आले. म्हणजे बाबासाहेबांनी एकट्याने मोठे न होता तरुण सहकाऱ्यांची फळी सभागृहात नेली.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धती नष्ट करणारे विधेयक मांडले. कोकणात खोत हा सरकार व कूळ यांच्या मधला दलाल. कूळ राबायचे आणि धान्य खोताच्या कणगीत जायचे. अलिबाग तालुक्यात चरी येथे शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कित्येक वर्षे संप चालविला होता. विधेयकाच्या पाठोपाठ १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. या मोर्चात कुणबी, आगरी, महार असे सर्व जातींचे कष्टकरी खांद्याला खांदा लावून चालले. पुन्हा तेच सूत्र : आत विधेयक, बाहेर जनता. तेव्हा विधेयक पार पडले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.

१९३८ मध्ये औद्योगिक कलहाचे विधेयक आले. संप करण्याच्या हक्कावर ते घाला घालते म्हणून बाबासाहेबांनी सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी इतर कामगार पुढाऱ्यांबरोबर एक दिवसाचा संप घडवून आणला. विधेयक बहुमताने संमत झाले. पण कामगारांचा विरोध इतिहासात नोंदला गेला.

यातून आपण काय घ्यावे?

वरील हकिगतीतून चार गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अभ्यासाशिवाय प्रतिनिधित्व नाही. दुसरी, संस्था उभारल्याशिवाय भाषणाला किंमत नाही. तिसरी, आपल्या समाजाचे दुःख मांडताना इतरांचे दुःख आपले मानले, तरच लढा व्यापक होतो. चौथी, मतदानात हरले तरी प्रश्न सोडायचा नसतो.

बाबासाहेब सभागृहात गेले तेव्हा आपल्याला मत नव्हते. सरकारने नेमलेल्या मूठभर प्रतिनिधींवर भिस्त होती. आज प्रौढ मताधिकार आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत आपली माणसे बसलेली आहेत. अंदाजपत्रक पाहायला मिळते, आणि २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. साधने वाढली. पण प्रश्न विचारण्याची सवय वाढली काय?

आमच्या काउंटरवर शिष्यवृत्ती जमा झाली का, हे विचारण्यासाठी मुले येतात. पासबुक भरून हातात दिले की त्यांची नजर शेवटच्या ओळीवर जाते, आणि बऱ्याचदा ती मुकाट्याने परत फिरतात. 'नाही' हे उत्तर घेऊन जाणाऱ्या त्या मुलाला पुढे कोणाकडे, कोणत्या कागदानिशी जायचे हे सांगणारा माणूस गावात नसेल, तर मिरवणुकीतील रोषणाई त्याच्या काय कामाची? आपल्या सोसायटीने हे काम अंगावर घ्यावे. वर्षातून एकदा आपल्या आमदारांना बोलवावे, सत्कारही जरूर करावा. परंतु त्याच सभेत दोन कागद त्यांच्यापुढे ठेवावेत. एकावर आपल्या तालुक्यातील वसतिगृहे, शिष्यवृत्ती व वस्ती सुधारणा यांसाठी मंजूर झालेला निधी आणि झालेला खर्च. दुसऱ्यावर त्यांनी वर्षभरात सभागृहात विचारलेले प्रश्न. ज्याने काम केले असेल त्याला हा कागद हारापेक्षा मोलाचा वाटेल. ज्याने केले नसेल तो पुढच्या वर्षी तयारीने येईल.

विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांची मुंबई कायदेमंडळातील भाषणे मुळातून वाचावीत. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या मालिकेतील दुसऱ्या खंडात ती मिळतात. इंग्रजी कठीण वाटले तर चौघांनी एकत्र बसून, शब्दकोश जवळ ठेवून, आठवड्याला एक भाषण वाचावे. तथागतांनी कोणतीही गोष्ट तपासून पाहिल्याशिवाय स्वीकारू नका असे सांगितले. बाबासाहेबांनी सरकारच्या आकड्यांनाही तोच न्याय लावला. आपणही आपल्या पुढाऱ्यांना, आपल्या संस्थांना आणि स्वतःला तोच न्याय लावू या.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. बोले यांचा १९२३ चा ठराव आणि १९२७ चा महाड सत्याग्रह यांचा परस्परसंबंध आपल्या शब्दांत लिहा.
२. महार वतन विधेयकाला कोणी व का विरोध केला? वतन सोडणे समाजातील काही लोकांना का कठीण वाटले असेल?
३. सरकारनियुक्त सभासद असूनही बाबासाहेब स्वतंत्र बाण्याने कसे वागले? दोन उदाहरणे द्या.
४. आपल्या गावातील वा वॉर्डातील शाळेत पहिलीत किती मुले-मुली आहेत व आठवीत किती, याची माहिती मिळवा व बाबासाहेबांच्या १९२७ च्या हिशेबाप्रमाणे तक्ता तयार करा.
५. आपल्या आमदारांना विचारण्यासाठी एक प्रश्न तयार करा. प्रश्नात आकडा असावा, मागणी स्पष्ट असावी व भाषा सभ्य असावी.

जयभीम!